जात्याची घरघर ओळखणारी यल्लव्वा

गिरणी म्हणजे काय हे आपल्या मुलखात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या फार जुन्या काळी तांबडखिंडीत यल्लव्वा नावाची एक वडारीण राहायची. घरोघरी जाऊन ती जात्याला टाकी लावायची. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीनं टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा, हे तिचं काम. गावातलं एकूण एक जातं तिच्या हाताखालून गेलेलं.

तिचा पाय एका जागी ठरत नसे. पहाटे बायका दळायला बसल्या की ही कान देत गल्ल्यांतून फिरायची. असं म्हणतात की नुसत्या घरघरीवरून तिला माणूस कळायचं. हिचा उजवा खांदा धरलाय, तिच्या मांडीवर तान्हं झोपलंय म्हणून ती हळू ओढतेय, पलीकडची रात्रभर रडलीय. बायका आधी चिडायच्या आणि मग कबूल करायच्या, कारण ते खरं असायचं.

पुढे लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही.

एका पहाटे केरू माळ्याच्या दाराशी यल्लव्वा थबकली. आत जातं फिरत होतं, पण आवाज कोरडा, दगडावर दगड घासल्याचा. ती दार लोटून आत गेली. केरूची बायको ठकू जातं ओढत होती. सूप रिकामं होतं, जात्याभोवती पिठाचा कण नव्हता. यल्लव्वाला बघून तिनं मान खाली घातली, पण हात थांबवला नाही.

"थांब की, पोरी," यल्लव्वा म्हणाली.

"थांबले तर दाणे संपल्याचं शेजारी कळंल, मावशी. कुणाला सांगू नका."

त्या दिवसापासून यल्लव्वाला अन्न गोड लागेना. आठ दिवसांत कोरडा आवाज चार घरांतून आला, महिन्याभरात निम्म्या गावातून. जो तो समजत होता, उपाशी आपणच. बाकीच्यांकडे दाणे आहेत.

दाणे होते ते रामोजी पाटलाकडे, जमिनीतल्या दोन पेवांत. पाटील वाईट नव्हता. यल्लव्वानं अंगणात उभं राहून गावासाठी दाणे मागितले तेव्हा तो म्हणाला की पहाटे मीही जागा असतो, घरोघरचं जातं ऐकतो, उपाशी माणूस कशाला दळेल?

"फिरतंय, पाटील. दळत न्हाई," यल्लव्वा म्हणाली.

पाटलानं घरांची नावं मागितली. ती देईना. नावं सांगितली तर त्या बाया भाकरी खातील, पण पुन्हा मान वर करणार नाहीत, असं तिचं म्हणणं. नावांशिवाय पेव उघडणार नाही, असं म्हणून पाटील उठला. तेव्हा आजवर कुणी केलं नव्हतं ते यल्लव्वानं केलं. ओसरीची पायरी चढून तिनं पाटलाचं मनगट धरलं, क्षणभर, आणि निघून गेली.

असं म्हणतात की तिथून पाटलाचा हात थरथरायला लागला. रिकाम्या जात्याचा खुंटा धरावा तसा. जेवायला बसला तर ताट खडखडलं, पाणी प्यायला गेला तर तांब्या सांडला. वैद्याचा लेप झाला, देवाचा अंगारा झाला. तिसऱ्या दिवशी तो स्वतः पेवावरची माती उकरायला बसला, आणि मातीला हात लागताच थरथर थांबली.

मग पाटलानं यल्लव्वाला बोलावलं, आणि तिनं सांगितल्याप्रमाणे ज्वारी प्रत्येक उंबऱ्यावर सारखीच ठेवली गेली, पाटलाच्या उंबऱ्यावरसुद्धा. दुसऱ्या पहाटे सगळं गाव दळत होतं. यल्लव्वा वेशीत उभी राहून ऐकत होती. ठकूनं तिला भाकरी नेऊन दिली. तिनं ती पदरात बांधली, पण बसली नाही. खिंडीपलीकडच्या गावाकडे कान लावून म्हणाली, "तिकडंबी कोरडंच वाजतंय गं." आणि चालू लागली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

तांबडखिंडीत आजही चैत्रातल्या एका पहाटे बाया एकमेकींच्या उंबऱ्यावर ओंजळभर ज्वारी ठेवतात. जात्यात दाणे घालतात त्याला वैरण म्हणतात, म्हणून ही यल्लव्वाची वैरण. नवी सून विचारते, कुणाच्या दारात ठेवायची?

सासू सांगते, "सगळ्यांच्या. आणि कडी वाजवायची नाही."