तीन रिकाम्या पेट्या

एका राज्यात, ज्याच्या चहूबाजूंनी समुद्रच समुद्र होता, राजघराणे स्वतःला सूर्याचे वंशज म्हणवीत असे. सूर्याने आपल्या नातवाला तीन वस्तू दिल्या होत्या म्हणे: एक आरसा, एक खड्ग, एक मणी. त्या तीन पेट्यांत ठेवलेल्या असत. पेट्या उघडण्याची चाल नव्हती. नवा राजा त्या नुसत्या मस्तकी लावी, आणि प्रजा त्याला देव मानून दंडवत घाली.

राजा चंडभानू वारला आणि गादी त्याच्या एकुलत्या मुलीकडे, मिहिरेकडे आली. मिहिरेला वादळाचे भय वाटे. दाढ दुखली तर ती रडे. 'मी देव असते, तर असे झाले असते का?' या विचाराने तिला अन्न गोड लागेना. राज्याभिषेकाला चार दिवस उरले असता तिला राहवेना. ती एकटीच रत्नागारात गेली आणि तिने पेट्या उघडल्या.

तिन्ही रिकाम्या होत्या.

सकाळी सूर्य उगवला तो पाऊणच. प्रजेत हाहाकार उडाला. मिहिरेच्या गवाक्षात तीन पायांचा कावळा येऊन बसला.

"राजकन्ये, हे तुझ्या हातून झाले आहे," कावळा म्हणाला. "तुझ्या पणजोबाने मायावी धूम्रकेशाला 'देवापुढे लोटांगण घाल' असे फर्मावले. त्याने शाप दिला. वस्तू निघून गेल्या. वंशातला जो कोणी रिकाम्या पेट्या पाहील, त्याने चौथ्या दिवसापर्यंत शाप फेडावा, नाहीतर सूर्य पुन्हा उगवणार नाही."

"वस्तू कुठे आहेत?"

"तीन ठिकाणी. पाय उचल."

पहिल्या दिवशी कावळ्याने तिला दलदलीत नेले. तिथे आठ तोंडांचा नाग पडला होता आणि त्याच्या शेपटीत खड्ग रुतले होते. जखम चिघळली होती.

"उपस," नागाची आठही तोंडे म्हणाली. "पण तू कोण?"

मिहिरा चिखलात उतरली. "ठाऊक नाही. माझे हात कापत आहेत. तुला दुखेल."

"खड्ग न्यायला आधी आलेले म्हणाले, आम्ही देव. ते माझ्या पोटात आहेत." नागाने शेपटी पुढे केली. "कापऱ्या हातांनीच उपस."

तिने डोळे मिटून खड्ग ओढले. नाग कण्हला, पण हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य अर्धाच होता. मिहिरेने खड्ग पुढे धरताच समुद्र दोन्हीकडे सरला. तळाशी मिहिरेच्याच वंशातली बालराणी उर्मिका बसली होती. फार पूर्वी शत्रूच्या नौकांनी राज्याला वेढले, तेव्हा तिची आजी तिला कडेवर घेऊन पाण्यात उतरली होती. तेव्हापासून ती सहाच वर्षांची होती. तिच्या मुठीत मणी होता.

"आजी म्हणायची, मी देव आहे," बालराणी म्हणाली. "मग मी बुडाले कशी?"

मिहिरेच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती थरथरत होत्या. खोटे बोलून पळावे, असे तिच्या मनात आले. पण तिने गुडघे टेकले.

"बाळ, तू देव नव्हतीस. तू लहान मुलगी होतीस. तुला कोणीतरी वाचवायला हवे होते."

बालराणीची मूठ उघडली. मणी मिहिरेच्या हाती आला, आणि ते पोर शंभर वर्षांनी डोळे मिटून झोपी गेले.

तिसऱ्या दिवशी सूर्य चतकोरच उरला होता. मण्याच्या उजेडात वाट काढीत मिहिरा डोंगरातल्या गुहेत पोचली. धूम्रकेश आरसा मांडीवर घेऊन बसला होता.

"पाहा. काय दिसते?"

"माझे तोंड. ओठ फुटले आहेत. रडून डोळे सुजले आहेत."

"सूर्य दिसत नाही?"

"नाही."

"मी हा तुझ्या आजोबाच्या स्वप्नात धरला, तेव्हा त्याला दिसला होता. तुझ्या बापालाही. निदान ते तसे म्हणाले." मायावीने आरसा तिच्या हाती दिला. "मला सांगितलेस तेच उद्या प्रजेला सांग. नाही सांगितलेस, तर या तिन्हींची राख होईल आणि अंधार कायमचा."

चौथ्या दिवशी पहाट झालीच नाही. सारी प्रजा मशाली घेऊन किनाऱ्यावर उभी होती. प्रधान दंडपाणी हळूच म्हणाला, "राजकन्ये, वस्तू मिळाल्या आहेत. गप्प राहा. लोकांना देव हवा आहे. माणूस दिसला, तर ते फाडून खातील."

दंडपाणी खोटे बोलत नव्हता, हे मिहिरेला कळत होते.

ती उंच खडकावर चढली. "ऐका," ती म्हणाली. "पेट्या रिकाम्या होत्या. माझ्या पणजोबांपासून आम्ही तुमच्याशी खोटे बोललो. मी सूर्याची कोणी नाही. मी तुमच्यासारखीच आहे."

गर्दीतून एक दगड आला आणि तिच्या कपाळावर बसला. रक्ताचा ओघळ भुवईवर उतरला. ती खाली बसली नाही आणि तिने तोंडही झाकले नाही. दगड मारणारा कोळी आपल्या हाताकडे पाहत मटकन वाळूत बसला.

समुद्राच्या कडेला लाल रेघ उमटली. सूर्य वर आला, आणि तो पुरता होता.

त्या दिवशी दंडवत कोणी घातले नाही. त्या कोळ्याच्या बायकोने स्वतःच्या पदराची चिंधी फाडून मिहिरेच्या कपाळाला बांधली, आणि मिहिरा राणी झाली. तिने पुढे चाळीस वर्षे राज्य केले, आणि तिच्या दरबारात लोक उभ्यानेच बोलत.