उष्ट्या हातांचा दुधी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या डोंगराला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, टेकवाडीत गोजराक्का राहायची. तिचं परडं एवढंसं, की म्हैस उभी केली तर शेपूट शेजाऱ्याच्या अंगणात. पण त्या परड्यात तिनं वाळकी काठी रोवली तरी आठवड्यात शेंगा लागायच्या, असं म्हणतात. मी नाही म्हणत. माझी चुलती म्हणायची, आणि ती जन्मात दोनदाच खोटं बोलली.

एका वर्षी फाल्गुनातच विहिरी आटल्या. उरला एक झरा, करंगळीएवढा. रंगोजी पाटील काठी घेऊन तिथं बसले. माणूस कडक पण सरळ, स्वतःच्या घरालाही मापूनच पाणी देणारा. त्यांनी दवंडी पिटली. पाणी पिण्याला, रांधण्याला आणि हात धुण्याला. झाडाला थेंबही नाही.

इकडं गोजराक्काच्या राखेच्या मडक्यात कुबड्या दुधीचं एकच बी उरलेलं. असा दुधी टेकवाडीबाहेर कुठंच नव्हता. बी तीन वर्षांचं झालं होतं आणि चौथ्या वर्षी बी मुकं होतं, हे तिला ठाऊक. यंदा उगवलं नाही तर दुधी गावातून गेलाच. तिनं पाडव्याला आळं केलं, बी टोकलं आणि झऱ्यावर गेली.

"गोजरे, माणसं तहानलीत आन तू वेलाला पाजणार व्हय?"

"माणसांसाठीच की, पाटील. फुडल्या वर्षाच्या."

"फुडल्या वर्षी फुडल्या वर्षाचा पाटील बघंल."

आक्का परत आली आणि दारात उभी राहून ओरडली, "जेवा आपापल्या घरी, पर हात धुवायला माझ्या परड्यात या! तांब्या ज्याचा त्यानं आणा!"

नियम कुठं मोडला? कुठंच नाही. गाव हसत हसत उष्टे हात घेऊन आलं. तिसऱ्या दिवशी कोंब वर आला. कोणाच्या घरी काय शिजलंय हे वेलाला पाण्यावरून कळायचं, आणि मिरचीच्या खर्ड्याचा हात आला की तो शहारायचा, असं म्हणतात.

पण चैत्र तापला आणि झरा निम्मा झाला. पाटील म्हणाले, "आता हात धुवायचं न्हाईत. पुसायचं."

वेलानं माना टाकल्या. आक्का आपल्या पिण्यातलं अर्धं पाणी त्याला घालायला लागली. तिचे ओठ फुटले, तरी पानं उठेनात.

अशात एका दुपारी पाटलांनी झऱ्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, हात धोतराला पुसला आणि काठी धरली. पिठलं वाळलं. त्या काळचं बेसन आजच्यासारखं पाणचट नव्हतं. काठी हाताला जी चिकटली, ती तीन दिवस सुटेना. पाटील काठीसकट जेवले, काठीसकट झोपले.

त्यांच्या कारभारीण सगुणाबाई म्हणाल्या, "काठी तरी भाईर झोपवा, न्हाईतर तुमी तरी जावा. आन हात धुवा की एकदाचं!"

"नियम माझा हाय. मीच मोडू?"

चौथ्या दिवशी पाटील आपल्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन आक्काच्या परड्यात उभे राहिले.

"वाया न्हाई ना जाणार?"

"थेंब न्हाई."

त्यांनी हात आळ्यावर धरला, आक्कानं पाणी ओतलं. बोटं सुटली, काठी आळ्यात उभी राहिली, आणि मेल्यासारख्या पडलेल्या वेलानं, लेकरानं बोट धरावं तशी ती काठी धरली. पाटील ओढायला गेले, तर वेल सोडेना.

"ऱ्हाऊ द्या की," आक्का म्हणाली.

पाटलांनी त्याच दिवशी नवी दवंडी दिली. हात धुवायचे ते आपल्या वाटच्या पाण्यानं, आणि फक्त गोजराच्या परड्यात. मग वेल काठीवरून छपरावर आणि छपरावरून गावभर गेला. ज्या घरचा हात त्याच्यावर धुतला गेला, त्या घराच्या वळचणीला एक कुबडा दुधी लोंबला. पहिल्याला मात्र आक्कानं चिंधी बांधली. तो बियाणाचा.

अजूनही टेकवाडीत पाडव्याला दुधी लावतात, आणि आळ्यातली पहिली काठी पाटलांच्या घरून येते. त्या दिवशी जेवल्यावर कोणी आपल्या घरी हात धुवत नाही. शेजारच्या परड्यात जायचं, शेजाऱ्यानं पाणी घालायचं. बोलणं बंद असलं तरी जावंच लागतं, आणि उष्टा हात पुढं करून उभं राहिल्यावर किती वेळ गप्प बसणार?

खोटं वाटत असेल तर चैत्रात या. माझंही शेजाऱ्याशी भांडण आहे, पाडव्यापर्यंत.