बुजलेल्या बिळाचा पत्ता

उंदीर दगडावर नियम कोरून ठेवत, त्या काळची ही गोष्ट. दगडावर लिहिलं होतं, "दाणे वाहत बसू नका. साठ्याचा पत्ता आणा. ज्याला हवे तो जाऊन घेईल." त्याखालीच दुसरी ओळ होती, "शेतात कामापुरतं बीळ खणलंत तर निघताना बुजवा, नाहीतर साप शिरतो."

दोन्ही ओळी एकत्र वाचायची तसदी एकाही म्हाताऱ्यानं घेतली नव्हती. नकटी उंदरिणीचा भाऊ एकदा काकानं आणलेल्या पत्त्यावर उपाशीपोटी गेला. साठा होता ते बीळ काकानं निघताना नियमाप्रमाणे बुजवलेलं होतं. तो माती उकरत राहिला आणि घारीनं त्याला उचललं.

दुसऱ्याच दिवशी नकटीनं म्हाताऱ्यांकडची शिकवणी सोडली आणि दगडावर दातांनी कोरलं, "कामापुरत्या बिळाचा पत्ता आणू नका. दाणेच आणा."

"घासून टाक ते!" थोरले आजोबा गुरकावले. "अशाच पत्त्यावर मला दोनदा दाणे मिळालेत."

"माती भुसभुशीत होती म्हणून मिळाले, आजोबा. नशिबाला नियम म्हणता होय?"

"उद्धट कार्टी!"

त्या दिवसापासून सगळ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. म्हातारे ओळ घासून टाकत, ती पुन्हा कोरत बसे, एकटीच.

एका सकाळी शेजारची ठमामावशी शेतातून परतली.

"बरी आहेस ना गं, मावशी?" नकटीनं विचारलं.

मावशी काहीच बोलली नाही. नकटीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं. मावशीचे दोन्ही गाल दाण्यांनी गच्च फुगले होते.