साहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

करमाळ्याच्या शकुंतला खरमाटे घरीच लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून देत. त्यांचा नवा कॉम्प्युटर मनात येईल तेव्हा बंद पडू लागला. वॉरंटी होती, पण शहरातल्या सर्व्हिस सेंटरचे कुलथे साहेब दर खेपेला ऐकवत, "बाई, दोष तुमच्या गावच्या विजेचा. आमचा माल चोख आहे."

शकुंतलाबाई इरेला पेटल्या. त्यांनी प्लग बदलून पाहिला, पंख्याची धूळ झाडली. शेवटी बहिणीच्या तसल्याच कॉम्प्युटरशी पॉवर सप्लायची, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची, अदलाबदल केली. आता त्यांचा दिवसभर चालला आणि बहिणीचा तासात दोनदा बंद पडला. दोष सापडला! आपला तो मूळचा पॉवर सप्लाय पिशवीत घालून त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"विजेचाच दोष," साहेब मान वर न करता म्हणाले.

"इथली वीज तर चांगली आहे ना? मग हा आजच्या दिवस तुमच्या कॉम्प्युटरला लावा. तो बंद पडला नाही, तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

साहेब दचकले. "छे! माझं काम मध्येच बंद पडलं म्हणजे?"

रांगेतली माणसं खो-खो हसली. शकुंतलाबाईंनी वॉरंटीचा अर्ज पुढे सरकवला. "आत्ता जे बोललात, तेच इथे लिहा, साहेब."

साहेबांनी पेन उघडलं.