दहा ते चार बंद

“मग चूक कोणाची, भन्तेजी?”

प्रसेनजित सोमकुवर विहाराच्या दारात उभा राहूनच विचारत होता. वंदन करायचं राहून गेलं होतं. चप्पल काढली होती, तीही एकाच पायातली.

भन्ते विनयशील ओलं चीवर दोरीवर पसरत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

शहरातल्या सहा सार्वजनिक बागांचे आराखडे प्रसेनजितनं केले होते. विहारासमोरची, रस्त्यापलीकडची बाग सहावी आणि सगळ्यांत मोठी. सोळा एकर. तिच्यासाठी त्याला मुंबईला बोलावून मानपत्र दिलं गेलं होतं.

लहानपणी दर रविवारी तो याच विहारात भन्तेंकडे पाली गाथा शिकायला येत असे. पाठांतर त्याचं सर्वांत आधी व्हायचं. ते सगळ्यांना कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पंधरवड्यापूर्वी त्या बागेच्या भिंतीबाहेर एक बाई उन्हानं कोसळली होती.

वत्सलाबाई रंगारी. रस्ते झाडणारी. सकाळचं झाडून झालं की दुपारी दोनच्या हजेरीपर्यंत ती आणि तिच्या सोबतिणी तिथं भिंतीला टेकून बसत. मे महिना होता, पारा शेचाळीसवर. भिंतीच्या आत दोनशे झाडं होती आणि फाटकाला कुलूप होतं. सकाळी दहा ते दुपारी चार बाग बंद असे.

बाई वाचली. सहा दिवस दवाखान्यात काढून पुन्हा कामावर आली. वर्तमानपत्रात मात्र बागेचा फोटो छापून आला, आणि त्याखाली आराखडा करणाऱ्याचं नाव.

तेव्हापासून प्रसेनजितचा जीव थाऱ्यावर नव्हता. सातव्या बागेचा कागद टेबलावर पसरलेला होता. पेन्सिल उचलायची, ठेवायची, उठून खिडकीशी जायचं, परत यायचं... कागद कोराच.

आता तो भन्तेंना सगळं सांगत सुटला. वेळा त्यानं ठरवल्या नव्हत्या. त्या उद्यान समितीनं ठरवल्या होत्या. हिरवळ टिकावी, भर दुपारी कोणी आत येऊन लवंडू नये, म्हणून. त्यानं फक्त बाग आखली होती. कोणत्या महिन्यात ऊन कुठून येतं याचं गणित मांडून एकेक बाक सावलीत बसवलं होतं. एवढी काळजी शहरात आजवर कोणी घेतली होती?

“फाटक कोणी आखलं?” भन्तेंनी विचारलं.

“मीच.”

“कशासाठी?”

“लोकांना आत येता यावं म्हणून.”

भन्तेंनी चीवराची सुरकुती हातानं सरळ केली.

“त्याला मोकळी जागा पुरली असती.”

प्रसेनजितला राग आला. फाटकाशिवाय बाग म्हणजे काय ते त्यानं भन्तेंना समजावून सांगितलं. गुरं शिरतात. नळाच्या तोट्या चोरीला जातात. झाडं मोडतात. बोलताना तो दारापासून बोधिवृक्षाच्या पारापर्यंत जात होता आणि परत येत होता.

भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “उद्या दुपारी एक वाजता त्या बागेतलं एक पान मला आणून दे. गळून पडलेलं.”

“नुसतं पान?”

“नुसतं.”

दुसऱ्या दिवशी एक वाजता प्रसेनजित फाटकापाशी पोचला. रखवालदार मडावी त्याला ओळखत होता. त्यानं उठून सलाम केला. फाटक उघडलं नाही. किल्ली त्याच्यापाशी नसायचीच, ती चार वाजता कार्यालयातून यायची.

प्रसेनजितनं अधिकाऱ्यांना फोन लावला. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांना लावला. ते जेवायला गेले होते. पान गजांमधून दिसत होतं. हात आत घातला, तर वीतभर कमी पडला.

“ही बाग मी केली आहे,” तो मडावीला म्हणाला.

“माहीत आहे नं, साहेब,” मडावी म्हणाला. “चारला या.”

परत जावं, तर भन्तेंना काय सांगायचं? तो भिंतीच्या कडेनं चालू लागला. डांबराची धग बुटांतून वर येत होती. भिंतीला हात टेकवला आणि चटका बसून मागं घेतला. ती भिंत काळ्या दगडाची करायची, हे त्यानंच सुचवलं होतं. दिसायला भारदस्त म्हणून.

पुढं एका ठिकाणी झाडाची फांदी भिंतीवरून बाहेर आली होती. तिची सावली फूटपाथवर पडली होती. चटईएवढी. त्या चटईत पाच बाया पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

त्यांतल्या एकीनं त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावर ओला पदर होता, मनगटावर सलाईनची काळीनिळी खूण.

“सरका वं,” ती बाकीच्यांना म्हणाली. “साहेबाले बसू द्या.”

त्यानं नको म्हटलं. कोणी ऐकलं नाही. बाया हातभर हातभर सरकल्या आणि मधे एका माणसापुरती जागा झाली. तो बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की वत्सलाबाईचा उजवा खांदा आता उन्हात आहे.

त्यानं उठायचा प्रयत्न केला. तिनं हातानंच खाली बस म्हटलं, आणि पाण्याची बाटली पुढं केली.

दुसरीकडे कुठं का बसत नाही, असं त्यानं विचारलं. ती सांगू लागली. वीस वर्षांपासून त्या इथंच बसत होत्या. मोकळं रान होतं तेव्हा आत पाच कडुनिंब होते, मोठाले. भाकर खायची, जरा पडायचं, दोनला हजेरीवर जायचं. मग बाग झाली. सांगण्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होती.

मग तिनं विचारलं, “तुम्हीच केली म्हणतेत नं हे बाग?”

“हो.”

“मस्त आहे. झाडता झाडता दिसते.”

प्रसेनजितनं बाटली तिला परत दिली. दोन वाजता बाया उठून हजेरीला गेल्या. तो तसाच बसून राहिला. सावली सरकत रस्त्यावर गेली, तरी बसून राहिला.

चार वाजता फाटक उघडलं. त्यानं आत जाऊन एक पान उचललं आणि जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला.

भन्तेंनी पान तळहातावर घेतलं, उलटून पाहिलं आणि परत केलं.

“मी एक वाजता सांगितलं होतं.”

त्यानंतर प्रसेनजितनं सातव्या बागेचं काम बाजूला ठेवलं आणि फाटक काढा म्हणून समितीच्या मागं लागला. पहिल्या बैठकीत लोक हसले. दुसऱ्या बैठकीत त्याला आठवण करून देण्यात आली, की फाटक त्याच्याच नकाशात आहे आणि नकाशावर त्याचीच सही आहे. तो म्हणाला, म्हणूनच आलो आहे. तिसऱ्या बैठकीला त्यानं मानपत्र पिशवीत घालून आणलं आणि टेबलावर ठेवलं. फाटक राहणार असेल तर हे परत घ्या, आणि उद्घाटनाच्या पाटीवरून माझं नावही काढा, म्हणाला. कोणाच्या दालनाबाहेर तीन तीन तास उभा राहिला. काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सातवी बाग दुसऱ्याला दिली गेली. ते कळलं तेव्हा तो दिवसभर शहरात पायी भटकत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा समितीच्या दारात हजर.

श्रावणात आदेश निघाला.

फाटकाची दोन्ही दारं बिजागऱ्यांतून उचलताना मजुरांबरोबर त्यानंही खांदा लावला. ऊन उतरलं होतं, तरी दुपारी एक वाजता बाया नेहमीच्या जागी येऊन बसल्याच होत्या. आत चला, असं त्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा उठल्या. उंबरा ओलांडताना वत्सलाबाईनं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. एका बाकावर बसली. जरा वेळानं आडवी झाली. मग झोपली.

प्रसेनजित तसाच विहारात गेला. कपड्यांवर गंजाचे डाग होते, खांदा सोलला होता. त्यानं वंदन केलं आणि घडलेलं सगळं भन्तेंना सांगितलं. समितीचं, मानपत्राचं, हातून गेलेल्या कामाचं. वत्सलाबाईच्या झोपेचंही.

भन्ते वाळलेल्या चीवराची घडी घालत होते.

“भन्तेजी,” तो शेवटी म्हणाला, “आज मी ती बाग त्यांना देऊन टाकली.”

भन्तेंनी घडी बाजूला ठेवली.

“घेतली होतीस कोणाकडून?”