हळदीच्या फडक्यावरचा लाल सूर्य

बकुळा शाळेत जात नव्हती. नव्हतीच मुळी! आता लगेच नाकं मुरडू नका. शाळा होती नदीपलीकडे, नदीला पूल नव्हता, आणि नाव यायची ती नावाड्याच्या मर्जीने. बाबा देवाघरी गेलेले. आई दिवसभर फुलबागेत राबायची. झोपडीचं छप्पर गळायचं आणि बकुळाच्या फ्रॉकवर ठिगळांना जागा उरली नव्हती.

पण तिची शाळा रोज भरायची, बरं का! कधी चुलीपाशी, कधी विहिरीपाशी, कधी गुलाबी कण्हेरीखाली. आई फुलं खुडता खुडता सांगायची आणि बकुळा स्वतःच्या हातांनी करून बघायची. बी उलटं पेरलं तर अंकुर कुठे जातो? बीट किसल्यावर हात किती वेळ गुलाबी राहतात? सगळं सगळं करून बघायची.

एक दिवस शहरातून गोदाआत्या आली.

"वहिनी, पोरीला चिखलात काय खेळवत बसलीस? याला काय शिकणं म्हणतात?"

"वन्सं, ती खेळत नाहीये, शिकतेय," आई हळूच म्हणाली.

"मग दाखवू दे की! बकुळे, उद्या सकाळी चारचौघांसमोर काहीतरी करून दाखव. नाही जमलं तर चल माझ्याबरोबर शहरात. वसतिगृहात ठेवते तुला."

आईचा चेहरा एवढासा झाला. बकुळाने पाय आपटला. "दाखवते! आणि आईला सोडून मी कुठ्ठे जाणार नाही!"

तिने घरातली होती नव्हती ती हळद पाण्यात कालवली आणि जुनं पांढरं फडकं त्यात बुडवलं. काय सुंदर पिवळंधमक झालं! त्यावर रंगीत पाकळ्या चिकटवून ती बाग करणार होती. चिकटवायला कणकेची खळ शिजवून वाटीत निवत ठेवली, तोच वाटीतून किणकिणता आवाज आला, "अगं बाई, अडकले ना मी!"

खळीत एक इवलीशी परी! करंगळीएवढी. तिचे निळेनिळे, चमचमते पंख खळीत घट्ट चिकटले होते.

"हलू नकोस हं, पंख फाटतील," बकुळा म्हणाली. कोमट पाण्याचा एकेक थेंब सोडत तिने पंख अलगद मोकळे केले. परी भुर्रकन उडाली, पण त्या गडबडीत वाटी लवंडली ती थेट फडक्यावर! बकुळाने घाईघाईने कपड्यांचा साबण आणून खसाखसा घासला. आणि बाई गं! पिवळ्या फडक्यावर लालभडक डागच डाग!

हळद संपलेली. ऊन कलायला लागलेलं. बकुळाला रडूच कोसळलं.

"रडू नकोस गं सोनुले," परी म्हणाली. "माग काय हवं ते. कांडी फिरवली की फडकं तयार! फक्त नियम आहेत. तू त्याला हात लावायचा नाहीस. आणि हे कसं झालं, असं कधी विचारायचं नाहीस."

बकुळाने नाक पुसलं. "हात लावायचा नाही? मग ते माझं कसं?"

"पण छान होईल ना!"

"होऊ दे. मला नको. आणि विचारायचं नाही म्हणजे काय? मी विचारणारच! साबणाने पिवळ्याचं लाल कसं झालं, सांग बघू."

परी गोंधळली. "मला नाही माहीत. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही."

"मग काय करायची ती कांडी!"

परीला आजवर कुणी नाही म्हटलंच नव्हतं. तिचे पंख हिरमुसून मिटले. "मग मी तुला काहीच देऊ नको?"

"दे ना! थोडं ऊन दे. सूर्याला म्हणावं, जरा थांब. बाकीचं माझं मी बघते."

कांडी फिरली. झिलमिल झिलमिल सोनेरी चुरा उडाला आणि सूर्य टेकडीला टेकून चक्क बसून राहिला! बकुळा कामाला लागली. डागावर मीठ चोळलं, काही नाही. चुलीतली राख लावली, तर लाल आणखीनच लाल. मग चिडून तिने लिंबू पिळलं आणि काय आश्चर्य! डाग गेला, पिवळं परत आलं! पुन्हा साबण, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळं.

"ए, मला करू दे ना!" परीने कांडी कण्हेरीला अडकवली आणि बाह्या सावरल्या. बघता बघता तिचे चिमुकले हात पिवळे झाले.

सकाळी सगळे जमले. बकुळाने नुसतं पिवळं फडकं दोरीवर लावलं.

"हे काय? कोरं फडकं?" आत्याने भुवया चढवल्या.

बकुळाने साबणाच्या पाण्याची वाटी आणि कडुनिंबाची, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली काडी तिच्या हातात दिली. "आत्या, तूच काढ चित्र."

"मला मेलीला काय येतंय!" म्हणत आत्याने कसाबसा एक गोल काढला. पिवळ्या फडक्यावर लालचुटुक सूर्य उगवला!

"अगं बाई, जादू!"

"जादूबिदू काही नाही," बकुळा ताठ मानेने म्हणाली. "हळदीला साबण लागला की लाल, लिंबू लागलं की पिवळी. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी शोधून काढणार. इथेच, आईजवळ!"

 आत्याने लिंबू पिळलं, सूर्य गेला. साबण लावला, सूर्य आला. ती लहान मुलीसारखी खुदकन हसली. तेवढ्यात नावाडी हाका मारू लागला.

"थांब रे जरा!" आत्या ओरडली. "सूर्याला किरणं काढायची राहिलीत माझी!"

आणि जाताना तिने आईचा हात धरला. "वहिनी, पोर तुझ्यापाशीच राहू दे. पण दिवाळीला मी येणार. बकुळा सांगत होती ना, ते बिटाने हात रंगवायचं मलाही करायचंय."

बकुळा धावत कण्हेरीपाशी गेली. परी फांदीवर उभी होती.

"मी निघाले," ती म्हणाली. "कांडी फिरवली की ते होतं कसं, हे आता आमच्या राणीलाच विचारते!"

"ती रागावली तर?"

परीने पिवळेपिवळे हात कमरेवर ठेवले. "रागावू दे!"

निळा, सोनेरी, गुलाबी लखलखाट झाला आणि परी त्यात दिसेनाशी झाली. पण सूर्याला केलेली विनंती तिने काही मागे घेतली नाही. म्हणून त्या बागेत अजूनही, एखाद्या मुलाचं काम अर्धं राहिलेलं असलं, की ऊन थोडं थांबतं.