उसवलेलं घरटं

पाखरं घरटी विकत घेत, तेव्हाची ही गोष्ट. एका वडावर घरट्यांची दुकानं इतकी दाटली होती की पान हलायला जागा नव्हती. तिथे चोचीत कापसाचा धागा धरून शिंपीण पाखरू आलं.

"बाई, आल्या वाटेनं परत जा," सर्वांत जुना दुकानदार कावळेशेठ म्हणाला. "इथे गर्दी फार झाली."

शिंपीण परत जायला वळली. पण मागे तिची माळावरची बाभूळ होती. तिथे दुकान तिचं एकटीचं, गिऱ्हाईक मात्र एकही नाही, आणि पिल्लं उपाशी.

तेवढ्यात बुलबुलांचं एक जोडपं फाटकं घरटं घेऊन दारोदार फिरताना तिला दिसलं. जो तो म्हणत होता, "जुनं फेका, नवं घ्या."

"शेठ, गर्दी झाली असं आधी बसलेलेच सांगतात," शिंपीण म्हणाली. खालच्या फांदीवर बसून तिनं ते घरटं शिवायला घेतलं.

हळूहळू तिच्यापुढे रांग लागू लागली. एकदा वादळ झालं, आणि सकाळी स्वतःचं उसवलेलं घरटं घेऊन कावळेशेठ रांगेत पुढे घुसला.

"मागे उभे राहा, शेठ," टाका न सोडता ती म्हणाली. "इथे गर्दी फार झाली."